परीक्षकबाईंशी कुणी बोलायचं नाही

हे तुम्हाला खरं वाटणार नाही. क्रॅगबर्न गावात माझं काहीच कुणाला खरं वाटत नाही. मागच्या हिवाळ्यात माझ्या शेडला आग लागली, तेव्हा मी धावत इथे क्लबात येऊन 'आग लागली' म्हणालो, तर लोकांनी मला बसवलं, एक बिअर पाजली आणि म्हणाले, हं, पुढे काय झालं ते सांग. पुढे काय होणार? शेड जळली. तरीही सांगतो. मी, सेप गाउलंड, अध्यक्ष असताना आमच्या अख्ख्या गावानं सरकारी परीक्षा दिली, आणि एक अक्षर न बोलता पास केली.

तो समोर डॉमिनोच्या सोंगट्या मांडतोय ना, तो कडी स्टॉबर्ट. त्याचा भाजीचा वाफा माझ्या वाफ्याला लागून. मध्ये कुंपण म्हणून कुणाच्या तरी न्हाणीघराचा जुना दरवाजा. कडी कबुतरं पाळतो आणि कबुतरांखेरीज फारसा कुणाशी बोलत नाही. त्यामुळे ही हकिगत मलाच सांगावी लागते.

आमचे वाफे सूटी गार्थवर. कोळशाची खाण चालू होती तेव्हा तिची काजळी, म्हणजे सूट, त्या उतारावर पडायची, म्हणून हे नाव. खाण गेली, काजळी मातीत मुरली, आणि त्या मातीत लीक असा येतो की काय सांगू. लीक म्हणजे कांद्याचा उंच, पांढरा आणि फार गर्विष्ठ चुलतभाऊ. दर सप्टेंबरात क्लबात लीकचं प्रदर्शन भरतं. एका वर्षी माझा लीक इतका जाड झाला की दुपारी कडीची कबुतरं त्याच्या सावलीत झोपायला यायची. तरी नंबर तिसरा. मी कायम तिसरा येतो. एका वर्षी स्पर्धेत दोघंच होतो, तेव्हाही मी तिसरा आलो.

तर त्या सूटी गार्थवर एका बिल्डरची नजर गेली. जमीन ज्याची होती तो मेला, त्याचे वारस दक्षिणेत कुठेतरी, त्यांना लीक म्हणजे सूपमध्ये घालायची वस्तू एवढंच ठाऊक. बिल्डरनं गावात एक मोठं रंगीत चित्र आणून लावलं. चित्रात नवी घरं, सडपातळ झाडं आणि त्याहून सडपातळ माणसं. माझा लीकचा चर जिथे आहे, बरोबर तिथे एक बाई हातात फुगा घेऊन हसत उभी. मी त्या बाईकडे बराच वेळ बघितलं. बत्तीस वर्षं मी त्या चरात शेणखत, माशांची डोकी, बिअरचा गाळ आणि नाव न सांगण्यासारख्या गोष्टी घातल्या होत्या. रोप उचलून दुसरीकडे नेता येतं, माती नेता येत नाही. आणि पंच्याहत्तरीला जो नवी माती करायला घेतो, त्यानं ती माती आपल्याच अंगावर पडेल अशी तयारी ठेवावी.

पंचायतीच्या चिटणीस किर्टलीबाई. त्यांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, आणि अजूनही त्यांच्यासमोर बसलं की हात टेबलावर ठेवावेसे वाटतात. त्या म्हणाल्या, रडून उपयोग नाही, कायद्यात वाट आहे. गावानं आपला विकास आराखडा आपणच करायचा. घरं कुठे हवीत, कुठे नकोत, कोणती हिरवी जागा राखायची, हे गावानं ठरवायचं. मग जिल्हा कौन्सिल तो तपासतं, बाहेरचा स्वतंत्र परीक्षक येऊन बघतो, शेवटी गावाचं मतदान होतं, आणि निम्म्याहून जास्त लोक हो म्हणाले की जिल्हा कौन्सिलला तो पाळावा लागतो. बिल्डर आला तरी त्याला आधी तो आराखडा वाचून दाखवतात.

हे काम करायला समिती हवी, समितीला अध्यक्ष हवा. अध्यक्षाची निवड चालली होती तेव्हा मी लघवीला गेलो होतो. परत आलो तर लोक टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, माझ्या वयाला हेही कौतुकाचं असेल, म्हणून मी मान लववली. झालो अध्यक्ष.

आराखडा करायला चार वर्षं लागली. तेवढ्या वेळात माझ्या खाणीतल्या दोस्तांनी बोगदे खणले असते आणि बुजवलेही असते. पहिलं वर्ष मुखपृष्ठावर फोटो कुणाचा घालायचा यात गेलं. मी माझ्या लीकचा सुचवला. दुसऱ्या वर्षी चॅपलच्या हॉलमध्ये नकाशे टांगून हरकती आणि सूचना मागवल्या. लोक लोटले, कारण किर्टलीबाईंनी स्टॉटी पाव, हॅम आणि वाटाण्याचा लगदा ठेवला होता. नकाशाकडे पाठ करून सगळं गाव जेवलं. हरकती आल्या त्या अशा: एक कुत्र्यांच्या घाणीबद्दल, एक हरवलेल्या मांजराबद्दल, एक वाटाण्यात मीठ कमी असल्याबद्दल. कडीनं लिहून दिलं, 'अध्यक्ष फार बोलतात.' किर्टलीबाईंनी नियमाप्रमाणे प्रत्येक हरकतीला उत्तर लिहिलं. कडीच्या हरकतीपुढे लिहिलं, 'समितीला मान्य. उपाय सापडलेला नाही.'

खरी अडचण सूटी गार्थची होती. जागा राखून ठेवायची तर ती गावाला खास का आहे, ते सिद्ध करावं लागतं. किर्टलीबाईंनी फळ्यावर लिहिलं: सौंदर्य, इतिहास, खेळ, वन्यजीव, शांतता. यातलं काय आहे आपल्याकडे?

सौंदर्य म्हणाल तर आमच्या शेड जुन्या दारांच्या, खाटांच्या आणि एका बसच्या मागल्या भागाच्या. वन्यजीव म्हणजे गोगलगाई, आणि त्यांच्याशी आमचं युद्ध. खेळ कुणी खेळत नाही, गुडघेच नाहीत. राहिला इतिहास. मी म्हणालो, तो माझ्यावर सोडा. रात्रभर बसून पानं भरली. एक राजा लढाई हरून पळत होता, सूटी गार्थवर थांबला, त्याला तिथल्या एका म्हातारीनं लीकचं सूप पाजलं, आणि त्यानं तिथेच रडून राज्य सोडलं. किर्टलीबाईंनी वाचलं, चष्मा काढला, पुसला.

"कोणता राजा, मिस्टर गाउलंड?"

मी म्हणालो, तुम्हाला जो सोयीचा असेल तो.

त्यांनी सगळी पानं काढून टाकली आणि पाचव्या शब्दाखाली रेघ मारली. शांतता. विचार केला तर तेच खरं होतं. आम्ही तिथे जातो ते बोलायला नाही. बादली पालथी घालून बसायचं, चहा प्यायचा, शेजारी दुसरा बसलाय एवढं ठाऊक असलं की पुरे. खाणीत आयुष्यभर कानठळ्या बसलेल्या माणसांना याहून मोठी श्रीमंती नाही. किर्टलीबाईंनी आराखड्यात लिहिलं, 'सूटी गार्थ येथील शांतता अपवादात्मक आहे.' आता ती दाखवायची होती.

आराखडा जिल्ह्याला गेला. तिथून कळलं की परीक्षक म्हणून एक बाई नेमल्या आहेत, आणि अमुक आठवड्यात त्या गावात येऊन जागा बघतील. पत्रात पुढे लिहिलं होतं: परीक्षक एकट्या फिरतील, त्यांच्यासोबत कुणी राहू नये, आणि आराखड्याच्या विषयावर त्यांच्याशी कुणी संपर्क साधू नये.

दुसऱ्या गावानं हे वाचून बाजूला ठेवलं असतं. आमचं गाव नियमाच्या बाबतीत फार कडक. रांगेत एकटा माणूस असला तरी तो रांगेतच उभा राहतो. समितीत चर्चा झाली की आराखड्याचा विषय म्हणजे नेमका कोणता? रस्ते आराखड्यात आहेत. झाडं आहेत. दुकान, चॅपल, पाणी तुंबणं, बसथांबा, सगळं आहे. हवा आहे, पान बारावर. म्हणजे 'आज हवा बरी आहे' म्हणणंसुद्धा नियमाबाहेर. आणि हवेबद्दल बोलायचं नाही तर अनोळखी बाईशी आमच्याकडे बोलणार कशाबद्दल? ठरलं. परीक्षकबाईंशी कुणी, काहीही, बोलायचं नाही. ठराव मी मांडला. इतकं चांगलं भाषण मी आयुष्यात केलं नव्हतं; गप्प बसण्यावर तासभर बोललो.

त्या आठवड्यात गावात अशी शांतता पसरली की दूधवाल्याला वाटलं, कुणी गेलं. भुंकणारी कुत्री शेजारच्या गावी पाहुणी पाठवली. आमच्या बँडचा सराव सोमवारी असतो. तो रद्द करणं बँडमास्तरच्या तत्त्वात बसेना, म्हणून सगळे आपापली पितळी वाद्यं घेऊन बसले आणि फुंकर न मारता नुसती बोटं चालवत राहिले. संपल्यावर बँडमास्तर म्हणाला, इतकं सुरात आपण आजवर वाजवलं नाही. कडीनं कबुतरांना काय सांगितलं ठाऊक नाही, पण ती चालत जायला लागली.

आणि बाई आल्या. गुरुवार, सकाळ. पायात हिरवे रबरी बूट, गळ्यात नकाशाची पिशवी. सूटी गार्थचं फाटक उघडून आत पाऊल टाकलं, आणि समोर अख्खं गाव.

ही आमची चूक. शांतता दाखवायची म्हणून सगळेच शांत बसायला आले होते. दोनशे माणसं त्या एवढ्याशा उतारावर पालथ्या बादल्यांवर, एकही हालत नाही, एकही बोलत नाही, सगळ्यांचे डोळे मातीत.

बाई म्हणाल्या, "गुड मॉर्निंग."

दोनशे माणसांनी मातीकडे आणखी निरखून बघितलं.

बाई थोड्या पुढे आल्या. त्यांनी मला विचारलं की या जागेची हद्द कुठपर्यंत. मी अध्यक्ष. त्या हद्दीची प्रत्येक रेघ मी स्वतः मारलेली, पुसलेली, परत मारलेली. मी एक गवताची काडी उपटली आणि तिचं निरीक्षण करू लागलो. बाई पुटपुटल्या, "सॉरी." आणि नकाशात डोकं घालून मागे मागे सरकल्या.

मागे माझं खताचं पिंप होतं. जमिनीत पुरलेलं, वर फळी. आत काय होतं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. एवढंच सांगतो की ते तीन वर्षं मुरत होतं आणि त्याच्या वासानं एकदा पोस्टमन परत गेला होता. फळी मोडल्याचा आवाज त्या शांततेत बंदुकीसारखा झाला. परीक्षकबाई कमरेपर्यंत आत.

आता बघा आमच्या देशातली माणसं कशी. पिंपात उभी असलेली ती बाई पहिली गोष्ट काय म्हणाली? "माफ करा, तुमचं काही मोडलं वाटतं." आणि काठावर उभे असलेले आम्ही दोनशे लोक काय म्हणालो? काहीच नाही. नियम होता.

मी किर्टलीबाईंकडे बघितलं. त्यांनी पर्समधून पत्र काढलं, दोन्ही बाजूंनी वाचलं, आणि मान हलवली: हात लावू नये असं कुठे लिहिलेलं नाही. मग मी एक हात धरला, कडीनं दुसरा, आणि ओढलं. बाई निघाल्या, डावा बूट निघाला नाही. तो दुसऱ्या दिवशी निघाला तेव्हा दोन नंबरांनी वाढला होता असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. मी दीड म्हणतो.

त्यांना बादलीवर बसवलं. कुणी पाण्याचा पाइप आणला, कुणी घोंगडी, कुणी आपल्या पायातला मोजा. आणि मग गावापुढे खरं संकट उभं राहिलं. चहा द्यायला हवा. पण दूध घालायचं का आणि साखर किती, हे न विचारता चहा द्यायचा कसा? माझ्या उभ्या जन्मात असा चहा कुणी कुणाला दिलेला नाही. दोनशे माणसं त्या विवंचनेत घामाघूम झाली. शेवटी कडी पुढे झाला. त्यानं दुधाची बाटली उंच धरली आणि भुवया वर केल्या. बाईंनी मान डोलावली. त्यानं हळूहळू ओतलं, बाईंनी बोट वर केलं, तो थांबला. मग साखरेचा डबा. भुवया. बाईंनी दोन बोटं दाखवली. गावानं सुटकेचा निःश्वास सोडला, आणि तोही नाकानंच.

बाईंनी चहा घेतला. त्यांनीही बोलणं सोडलं. पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर भीती होती, मग ती गेली. खांदे खाली आले. समोरच्या टेकडीवर ढगांच्या सावल्या सरकत होत्या, त्यांच्याकडे त्या बघत राहिल्या. कडीचं एक कबुतर चालत आलं आणि त्यांच्या उरलेल्या बुटावर बसलं. थोड्या वेळानं बाईंचे डोळे मिटले. बसल्या बसल्या झोपल्या. आम्ही कुणी खोकलो नाही. मी माझा चर बघत होतो आणि मनात म्हणत होतो, झोप बाई, आणखी थोडी झोप. बिल्डरच्या चित्रातल्या त्या फुगेवाल्या बाईला कुणी असं झोपू दिलं नसतं.

जाताना त्यांनी फाटकापाशी वळून हात केला. दोनशे हात वर झाले. हात करणं नियमात बसतं की नाही, यावर समितीची नंतर वेगळी बैठक झाली.

अहवाल यायला काही आठवडे लागले. किर्टलीबाईंनी तो हॉलमध्ये वाचून दाखवला. परीक्षकबाईंनी आराखड्यातलं बरंच काही कापलं होतं. मी लिहिलेली प्रस्तावना तर अशी गेली की तिच्या जागी एक ओळही राहिली नाही. पण सूटी गार्थवर त्यांनी लिहिलं होतं, "येथील शांतता अपवादात्मक असल्याचा दावा मी स्वतः तपासला. तो खरा आहे. प्रारंभी ती मला किंचित भयावह वाटली, हे नमूद करते. जागा राखून ठेवावी." खाली एक दुरुस्ती सुचवली होती: जमिनीत पुरलेल्या पिंपांवर लोखंडी झाकण असावं. जिल्हा कौन्सिलनं सगळ्या दुरुस्त्या मान्य केल्या. माझ्या पिंपाचं झाकण आज सरकारी धोरण आहे. किती लोकांना असं म्हणता येईल?

उरलं मतदान. त्या दिवशी मी सूट घातला. चॅपलच्या हॉलमध्ये पेटी, पडद्याआड टेबल, दोरीला बांधलेली पेन्सिल, आणि मतपत्रिकेवर एकच प्रश्न. पण तो असा: 'क्रॅगबर्न भागातील बांधकामाच्या अर्जांवर निर्णय घेण्यासाठी जिल्हा कौन्सिलने क्रॅगबर्नचा विकास आराखडा वापरावा, असे आपणास वाटते का?' खाली दोन चौकोन, हो आणि नाही. माणसानं चार वर्षं झिजायचं आणि शेवटी त्याला असं वाक्य द्यायचं. चष्मा मी घरी विसरलो होतो. मला 'बांधकामाच्या अर्जांवर' एवढं ठळक दिसलं, बाकी धूसर. तरी मी ठामपणे, पेन्सिलचं टोक मोडेल इतकी ठाम फुली मारली.

संध्याकाळी मोजणी झाली. आणि आता ऐका, कारण हे लोक तुम्हाला सांगणार नाहीत. सामना अगदी अटीतटीचा झाला. हो आणि नाही, दोन्ही ढीग वाढत होते, इंचाइंचानं. किर्टलीबाईंचा चेहरा पांढरा. बिल्डरचा माणूस दाराशी उभा राहून हसत होता. शेवटची मतपत्रिका उघडली तेव्हा दोन्ही बाजू बरोबरीत होत्या. आणि त्या शेवटच्या कागदावरची फुली इतकी ठाम होती की सगळ्यांनी ओळखली. सूटी गार्थ वाचली ती एका मतानं, आणि ते मत माझं.

कडीनं हातातली सोंगटी टेबलावर ठेवली.

"सेप, लेका, सगळं गाव हो म्हणालं होतं. नाही म्हणणारं एकच मत पडलं. आणि तू मत टाकून बाहेर आलास, माझ्याशेजारी बाकावर बसलास आणि म्हणालास, कडी, त्या बिल्डरला आत्ता असं ठणकावून नाही म्हणून आलोय की बघत राहील."